सगळ्यांना पहिला मजला हवा होता

मुलुंडला आम्ही पिठाच्या गिरणीच्या मागच्या पडवीत राहायचो. पडवी म्हणजे गिरणीच्या भिंतीला टेकवलेलं पत्र्याचं छप्पर, समोर फळ्यांची भिंत आणि मधे जुन्या लुगड्याचा पडदा. पडद्याच्या अलीकडे स्वयंपाक, पलीकडे बाकी सगळा संसार. गिरणी सुरू झाली की भिंत थरथरायची आणि मांडणीवरची भांडी हळूहळू कडेला सरकायची. ती मागे ढकलून ठेवणं हे लहानपणापासून माझं काम. पीठ केसांत, पाण्यात, अंथरुणात. कॉलेजात एकीने विचारलं, तुझे केस इतक्यात पिकायला लागले का गं? मी हो म्हटलं. पीठ आहे हे सांगण्यापेक्षा पिकले म्हणणं सोपं होतं.

पिठाची सवय होते. मिरचीची होत नाही. चैत्र लागला की गिरणीवाला मिरची आणि मसाले कांडायला घ्यायचा, तो थेट मृगापर्यंत. आईला दमा होता. ते दोन-अडीच महिने ती दिवसाची घरात नसायचीच. सकाळचा स्वयंपाक उरकून पदर नाकाला लावून बाहेर पडायची आणि समोरच्या चिंचेखाली तांदूळ निवडत बसायची. तिथेही वारा फिरला की उठून दुसरीकडे. स्टेशनरोडच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, औषध मी देतो, पण जागा बदला. गरम पाणी प्या म्हणावं इतक्या सहज त्यांनी ते सांगितलं. बाबाही, गरम पाणी पिऊ म्हणावं तसे, हो म्हणाले.

बाबा कारखान्यात बॉयलरवर होते. त्यांना सही येत होती, वाचन अडखळत. आईला तेही नाही. मी मात्र अर्थशास्त्र घेऊन बी.ए. झाले. वडिलांकडच्या आणि आईकडच्या, दोन्ही घराण्यांत पहिली. हे मी आजही सांगते. कोणी विचारत नाही, तरी सांगते.

जागा बदलायची संधी सत्तरच्या आसपास आली. बाबांच्या कारखान्यातल्या सोळा जणांनी मिळून सहकारी सोसायटी काढली. डोंगराच्या बाजूला, भातशेती मोडून प्लॉट पडले होते, तिथली एक जागा मिळाली. तळमजला धरून चार मजले, मजल्यावर चार घरं, लिफ्टचा प्रश्नच नव्हता. फोरमन होते ते अध्यक्ष झाले, कारण ते कारखान्यातही सगळ्यांवर ओरडायचे. बाबा सेक्रेटरी झाले, कारण त्यांची मुलगी बी.ए. होती. सही बाबांची, बाकी सगळं माझं. सरकारी कचेरीशी इंग्रजी पत्रव्यवहार मी करायची, सभेचं इतिवृत्त मी लिहायची, आणि सभेत मत मांडायचं झालं तर बाबांकडे बघून, "बाबांचं म्हणणं असं आहे की," अशी सुरुवात करायची. बाबा मान हलवायचे. आपलं म्हणणं काय आहे ते त्यांनाही तेव्हाच कळायचं.

सिमेंटच्या त्या काळच्या टंचाईतही इमारत उभी राहिली, त्याचं श्रेय मी अध्यक्षांच्या आवाजाला देते. भिंती झाल्या, जिना झाला, गच्चीला कठडा झाला. मग सगळं थांबलं. कंत्राटदाराचं म्हणणं असं, की ओटे कुठे घालायचे, मोरी कशी हवी, हे प्रत्येक जण वेगळं सांगतो. तेव्हा आधी कोण कुठे राहणार ते ठरवा, मग मी पुढे काम करतो. त्याचं चुकलं नव्हतं. त्याने आपली माणसं उचलून भांडुपच्या कामावर नेली.

कोण कुठे राहणार, हे ठरेना. सोळाच्या सोळा जणांना पहिला मजला हवा होता.

याचं कारण पाणी. मुलुंडमधल्या प्रत्येक पुरुषाला पाण्याबद्दल एक गोष्ट पक्की माहीत होती, की नळाचं पाणी पहिल्या मजल्यापर्यंत आपणहून चढतं, त्याच्या वर चढत नाही. टाकी बांधली होती, पंप बसणार होता. पण पंपावर कोणाचा भरवसा नव्हता, आणि पंप चालू करायला उठणाऱ्या माणसावर तर नव्हताच. तळमजल्याला पाणी मिळालं असतं, पण तिथे ओल, चोर आणि येणाजाणाऱ्यांच्या नजरा. म्हणजे पहिला. पहिल्यावर घरं चार.

त्यात आणखी एक गाठ होती. सभासदांमध्ये दोन सख्खे भाऊ होते, रत्नागिरीकडचे, दोघे कारखान्यात फिटिंग खात्यात. दोघांचीही घरं शेजारीशेजारी हवीत, असं थोरल्याने पहिल्याच सभेत सांगून ठेवलं होतं. भावाभावांत भिंत नको म्हणतात, आम्ही एक भिंत तरी चालवून घेतोय, असं तो म्हणाला होता आणि सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या. धाकटा शेजारी बसून जमिनीकडे बघत होता. त्यामुळे कुठलीही वाटणी केली, की आधी दोन जोडीची घरं काढून ठेवायची आणि मग उरलेल्या चौदांनी भांडायचं.

मी शिकलेली. मी शिकलेल्या माणसासारखा तोडगा काढला. गुणांची पद्धत. घरात म्हातारं माणूस असेल तर इतके गुण, आजारी असेल तर इतके, लहान मुलं असतील तर इतके. ज्याचे गुण जास्त त्याने आधी निवडायचं. तत्त्व म्हणून सगळ्यांना पसंत पडलं. मग एकाने विचारलं, दम्याला गुण आहेत तर मधुमेहाला का नाहीत? दुसऱ्याने मूळव्याध धरायला लावली. तिसरा म्हणाला, आमच्याकडे देवदयेने सगळे धडधाकट आहेत, त्याची आम्हाला शिक्षा का? एक जण शांतपणे म्हणाला, दम्याचे गुण सेक्रेटरीच्या घरात जाणार आहेत हे सगळ्यांना माहीत आहे ना? बाबा उठून बाहेर गेले. मी कागदाची घडी घातली. माझ्या डोक्यात मात्र एक गोष्ट पक्की होती: बाकी कोणाचं काहीही होवो, आईसाठी आम्हाला तळमजला मिळाला पाहिजे. दमेकरी बाई तीन जिने कशी चढणार? आम्हाला पहिल्याचा सोस नव्हता. पण तळमजला उघड मागितला असता, तर त्यातही काही गोम असणार म्हणून लोकांनी तोही मागितला असता. म्हणून बाबांनी इतरांसारखा पहिलाच मागून ठेवला होता.

त्यानंतर चिठ्ठ्या झाल्या. पितळी डब्यात सोळा चिठ्ठ्या, समोर उदबत्ती. अध्यक्षांनी स्वतःच्या हाताने काढल्या आणि त्यांना स्वतःला पहिला मजला आला. त्यांनी लबाडी केली नव्हती, असं माझं आजही मत आहे. पण ज्याला पहिला येतो त्याने स्वतः चिठ्ठी काढायची नसते, एवढं व्यवहारज्ञान फोरमनला असायला हवं होतं. कोणी म्हणालं चिठ्ठीला कोपरा दुमडलेला होता, कोणी म्हणालं डबा आधी हलवलाच नव्हता. सोडत रद्द. त्या सभेत मी जे इतिवृत्त लिहिलं त्यात "सविस्तर चर्चा झाली" असं एकच वाक्य आहे.

अशी थंडी गेली. पुन्हा चैत्र आला, मिरची सुरू झाली, आणि आई पुन्हा चिंचेखाली.

एक दिवस ती मला म्हणाली, "ती तुमची गच्ची नुसतीच तापतेय ना? मग मी तिथे कुरडया घालू काय?"

गिरणीमागे आम्हाला कधी वाळवण करताच आलं नव्हतं. पिठाच्या धुळीत काय वाळणार? वर्षभराच्या कुरडया आईच्या बहिणीकडून यायच्या, आणि मागून आणलेल्या कुरडयांचं आईला मनातून लागायचं. इमारतीच्या फाटकाची किल्ली माझ्याकडेच होती. यासाठी ठराव वगैरे मी केला नाही. ठराव केला असता तर त्यावर सविस्तर चर्चा झाली असती.

आई एकटी कशी करणार, म्हणून तिने समोरच्या चाळीत राहणाऱ्या, त्या रत्नागिरीकडच्या थोरल्या भावाच्या बायकोला विचारलं. तिने बाकीच्यांना सांगितलं. आठवड्याभरात सोळा घरांतल्या बहुतेक बायका त्या अर्धवट इमारतीच्या गच्चीवर होत्या. पुरुषांना कळलं तेव्हा ते म्हणाले, बायकांचं काय ते वाळवण, करू देत.

मी मुद्दाम काही केलं असं नाही. नोकरी नुकतीच लागली होती, सुट्टीच्या दिवशी मी जायची. गच्चीवर धोतरं आणि जुनी लुगडी अंथरलेली. आमच्या आईच्या गव्हाच्या चिकाच्या कुरडया, कोणाचे सांडगे, कोणाचे उडदाचे पापड. एका गुजराती बेनने खिचियाचे, म्हणजे तांदळाच्या उकडीचे, पापड घातले होते आणि ते कसे लाटायचे ते ती प्रत्येकीला नव्याने शिकवत होती. जवळच्या जुन्या गावठाणातल्या ख्रिस्ती कुटुंबाचंही एक घर आमच्या सोसायटीत होतं. त्यातल्या बाईंना सगळे मावशी म्हणत. त्यांनी चटईवर लाल मिरची, धणे, हळकुंडं आणि कितीतरी जिन्नस पसरले होते. वर्षाचा मसाला कांडून त्या बाटल्यांत ठासून भरायच्या. मिरची नुसती वाळत होती, कांडली जात नव्हती, तरी मावशींनी आईला विचारून आपली चटई वाऱ्याच्या खालच्या अंगाला घातली.

वाळवण घातलं की राखण आली. कावळे, चिमण्या, आणि डोंगरावरून उतरणारी माकडं. पण उन्हात कोण बसणार? पाळीपाळीने एकीने वर जिन्याच्या सावलीत बसायचं, बाकीच्यांनी खालच्या रिकाम्या घरांत. दारं नव्हती, खिडक्यांना चौकटी तेवढ्या. सगळी घरं सगळ्यांसाठी उघडी. बायका डबे घेऊन यायच्या आणि सावली बघून कुठेतरी टेकायच्या.

दुसऱ्या सुट्टीला माझ्या लक्षात आलं, की त्या कुठेतरी टेकत नव्हत्या. ज्या घरात पहिल्या दिवशी बसल्या, तिथेच पुन्हा जाऊन बसत होत्या. गुजराती बेन सगळ्यात वर, गच्चीच्या जिन्याला लागून. मावशी तळमजल्यावर मागच्या बाजूला, जिथे दारात पेरूचं झाड होतं. अध्यक्षांची बायको दुसऱ्या मजल्यावरच्या एका खिडकीत, जिथून रस्ता दिसतो. पहिल्या मजल्यावर दोघी-तिघीच. मी मुद्दाम मोजायला गेले नाही, पण रिकामा मजला दिसतोच.

थोरल्या भावाची बायको तळमजल्यावर पुढच्या घरात बसायची. धाकट्याची बायको तिसऱ्या मजल्यावर, आणि तीही मागच्या कोपऱ्यात. त्या इमारतीत दोघींना याहून लांब बसणं शक्य नव्हतं.

मी थोरलीजवळ जाऊन बसले. म्हटलं, वहिनी, इथे काय बसलात? तुम्हाला तर पहिला हवाय ना, जोडीने?

ती सुपात तांदूळ पाखडत होती. हात न थांबवता म्हणाली, "आमच्या ह्यांना हवाय. बारा वर्षं एका खोलीत तिच्या भांड्यांचा आवाज ऐकतेय मी. आता मधे भिंत नको, मजले पाहिजेत."

"मग सांगा ना त्यांना."

"काय सांगू? भाऊ तोडला म्हणतील. तूच बघ काय ते, सेक्रेटरीणबाई. आणि माझं नाव घेतलंस तर याद राख."

वर जाऊन मी धाकटीला विचारलं. तिने जवळपास हेच सांगितलं, फक्त भांडी थोरलीची होती.

मग मी प्रत्येकीशी बोलले. बेनला गच्चीजवळचंच घर हवं होतं. तिचा पापडाचा घरगुती धंदा होता आणि पाण्यासाठी ती दोन पिंपं ठेवणार होती. मावशींची सासू जवळजवळ आंधळी होती. मावशी म्हणाल्या, म्हातारीला दारात बसून लोकांचे आवाज ऐकायचे असतात. आणि उद्या तिला शेवटची न्यायची तर या अरुंद जिन्यावरून पेटी कशी वळवणार? असा विचार आमच्या सोळा पुरुषांपैकी एकानेही केला नव्हता. अध्यक्षांच्या बायकोला फक्त रस्ता हवा होता. लग्न होऊन आल्यापासून तिला चाळीतल्या मागच्या खोलीतून समोरचा संडास तेवढा दिसत होता.

पहिला मजला हवाच असं म्हणणाऱ्या चौघी-पाचजणी निघाल्या. घरं चार. एवढंच ते भांडण होतं. नवरे वर्षभर ज्या गोष्टीसाठी भांडत होते ती त्यांच्या बायकांना नको होती, आणि हे त्यांना कळलं नव्हतं, कारण विचारायचं असतं हेच माहीत नव्हतं. पाण्याची काळजी करणं हे पुरुषाचं काम आणि पाणी भरणं बायकांचं, अशी ती वाटणी.

आता उत्तर माझ्या हातात होतं आणि ते मला उघड करता येत नव्हतं. सभेत जाऊन मी सांगितलं असतं, की तुमच्या बायकांनी गच्चीवर घरं वाटून घेतली आहेत, तर त्याच क्षणी सगळ्यांना पुन्हा पहिला मजला हवा झाला असता. शिवाय दोघी जावांची वाट लागली असती. उत्तर सापडणं हा प्रश्नाचा अर्धाच भाग असतो. ते उत्तर कोणाच्या तोंडून निघायला हवं, हा उरलेला अर्धा. पुढे नोकरीत मी मोठमोठ्या साहेबांना याच दुसऱ्या अर्ध्यात अडकलेलं पाहिलं.

मे महिन्यात सभा झाली. मी म्हटलं, बाबांचं म्हणणं असं आहे, की सोडत पुन्हा करावी. चिठ्ठ्या मावशींच्या सासूबाईंनी काढाव्यात, त्यांना दिसत नाही. यावर कोणाला आक्षेप घेता येईना. आणि सोडतीनंतर आठ दिवस अदलाबदलीची मुभा असावी. दोन सभासदांनी बरोबर येऊन सांगायचं, आम्ही घरं बदलली. कारण सांगायचं नाही, कोणी विचारायचं नाही. आठ दिवसांनंतर जे असेल ते कायम.

थोरला भाऊ म्हणाला, "म्हणजे आम्हा दोघांना लांबलांब आली, तर आम्ही बदलून शेजारी घेऊ शकतो ना?"

मी म्हटलं, कोणी तयार असेल तर नक्की.

तो लगेच राजी झाला. कारण त्याला नाही म्हणणारा माणूस त्या खोलीत बसला नव्हता. सगळ्यांनाच ते पटलं. प्रत्येकाला वाटत होतं की चिठ्ठीत नाही आलं तर बदलून पहिला मिळवू. अध्यक्ष एवढंच म्हणाले की कारण विचारायचं नाही हे चांगलं आहे, वेळ वाचेल.

म्हातारीने चिठ्ठ्या काढल्या. प्रत्येक चिठ्ठी काढताना ती क्रूसाची खूण करायची, त्यामुळे फार वेळ लागला आणि कोणालाही घाई करता आली नाही. थोरल्याला तळमजला आला, पुढचा. धाकट्याला तिसरा. आम्हाला तळमजला, मागचा, पेरूचं झाड असलेला. बाबांनी माझ्याकडे बघितलं. वर्षभरात पहिल्यांदा मी त्यांना सभेत हसताना पाहिलं.

आठ दिवसांत माझ्याकडे येणाऱ्यांची रीघ लागली. दोघे दोघे यायचे, लग्नाची बोलणी करून आल्यासारखे, आणि सांगायचे, आम्ही बदललं. कारण विचारायचं नव्हतं, तरी प्रत्येक जण थोडंसं सांगायचाच. घरच्यांना वारा आवडतो. घरच्यांना उजेड लागतो. घरच्यांचं काही कळत नाही बुवा. अध्यक्षांना या खेपेला खरोखरच पुन्हा पहिला आला होता. तो सोडून ते दुसऱ्यावर गेले, आणि पहिला सोडणारा माणूस म्हणून त्यांचा मान आणखी वाढला.

थोरला भाऊ मात्र घरोघर फिरत होता. तिसऱ्या मजल्यावरच्या लोकांना विचारत होता, तळमजला घेता का? जो तो म्हणायचा, माझी काय हरकत आहे, घरात विचारून सांगतो. आणि दुसऱ्या दिवशी, घरात नको म्हणतात. असं तिन्ही दारांवर झालं. मग एका संध्याकाळी पाळी संपवून तो आमच्या पडवीत आला. बाबा दुसऱ्या पाळीला गेले होते. आई पाणी देऊन बाहेर गेली.

तो म्हणाला, "खरं सांग पोरी. बायकांनी काही ठरवलंय काय?"

मी म्हटलं, "माझ्याकडे दोघांनी येऊन सांगायचं, एवढाच नियम आहे दादा."

"धाकट्याचं म्हणणं काय? तो आला होता तुझ्याकडे?"

धाकटा आला होता. आदल्याच दिवशी, मी कामावरून परतताना, कारखान्याच्या गेटवर, सायकल हातात धरून. दादाला सांगू नकोस, पण मला वरच बरं आहे, असं म्हणून गेला होता. ते मी सांगितलं नाही.

"त्यांनी बदलून मागितलेलं नाही," मी म्हटलं.

गिरणी चालू होती, त्याच्या हातातल्या पेल्यातलं पाणी हलत होतं. मग तो म्हणाला, "मग राहू दे. मी थोरला. मी विचारलंच नाही, असं उद्या कोणी म्हणायला नको, म्हणून फिरत होतो."

आणि पाणी पिऊन निघून गेला. जाताना चालणं हलकं होतं.

मला तेव्हा कळलं, की ती मागणी त्याचीही नव्हती. वर्षभर सोळा घरांची वाट अडवून बसलेली ती दोन जोडीची घरं चौघांपैकी एकालाही नको होती. माणूस एखादी गोष्ट मागतो ती हवी असते म्हणूनच, असं नाही. कितीदा तो ती एवढ्यासाठी मागतो, की न मागितल्याचा ठपका नको. अशा माणसाला समजवायचं नसतं. त्याला नकार मिळवून द्यायचा असतो, आणि तोही कोणा एकाच्या तोंडून नव्हे.

ही अक्कल मला आली खरी, पण आपल्या घरात लावायची सुचली नाही. तळमजला मिळाला म्हणून मी आणि बाबा खुशीत होतो. ओटा कुठे घालायचा ते मी कंत्राटदारासाठी काढून ठेवलं. आठ दिवस संपायला दोनच दिवस राहिले, तेव्हा मावशी आणि त्यांचा नवरा आमच्याकडे आले. त्यांना तिसरा आला होता, पुढचा. मावशी आईशेजारी बसल्या. मला वाटलं विनंती करायला आल्या, आणि नाही कसं म्हणायचं याची मी मनात जुळवाजुळव करू लागले. म्हातारीचं मला कळत होतं. पण माझ्या आईला दमा होता.

आई बाबांना म्हणाली, "आपण बदलतोय. मी यांना शब्द दिलाय."

मी म्हटलं, "अगं आई, तीन जिने आहेत. तुला दम लागतो. तळमजला तुझ्यासाठीच घेतलाय आम्ही."

"मला विचारून घेतलाय का?"

मी ओट्याचा कागद बाजूला सारला.

"अख्खा उन्हाळा मी तो जिना चढतेय," आई म्हणाली. "बसत बसत चढते. तिसऱ्यावर वारा आहे, धूळ नाही. खाली रस्त्याची धूळ इथल्यासारखीच. जिना दिवसातून एकदा चढायचा आहे, श्वास दिवसभर घ्यायचाय."

बाबा म्हणाले, "आणि पाणी?"

"पाणी तुम्ही भराल," आई म्हणाली. मावशींचा नवरा हसला आणि मग बाबांचा चेहरा बघून थांबला.

वाळवणाच्या दिवसांत मी सगळ्या बायका कुठे बसतात ते टिपलं होतं. आई कुठे बसते ते मी पाहिलं नव्हतं, कारण आईला काय हवं ते मला माहीतच होतं. ती रोज तिसऱ्या मजल्यावर, पुढच्या खिडकीत बसायची. हे मला मावशींनी सांगितलं.

दुसऱ्या दिवशी बाबा आणि मावशींचा नवरा नियमाप्रमाणे माझ्यासमोर उभे राहिले. म्हणाले, आम्ही बदललं. मी कारण विचारलं नाही.

यादी अध्यक्षांच्या सहीने कंत्राटदाराकडे गेली. तो भांडुपहून माणसं घेऊन परत आला. पहिल्या मजल्याच्या चार घरांसाठी शेवटी पाच उमेदवार उरले होते. पाचव्याला काही केल्या बदलून मिळालं नाही आणि तो पुढे कितीतरी वर्षं माझ्याशी बोलला नाही. सगळे प्रश्न सुटतात असं मी म्हणत नाही. सोळांपैकी पंधरा सुटले तर इमारत उभी राहते. पंप बसला आणि वरपर्यंत पाणी चढलं, पण त्यावरून कोणी कोणाला बोललं नाही. तोवर प्रत्येक जण आपल्याच मजल्याची बाजू मांडायला लागला होता.

दोघे भाऊ तळमजल्यावर आणि तिसऱ्यावर राहायला आले. दोघी जावा दुपारी मधल्या मजल्याच्या जिन्यावर भेटायच्या आणि तासभर बोलत बसायच्या. एका खोलीत होत्या तेव्हा त्यांना इतकं बोलताना कोणी पाहिलं नव्हतं, असं थोरलाच सांगायचा.

पुढच्या निवडणुकीत अध्यक्षांनी स्वतः सुचवलं, की सेक्रेटरी म्हणून बाबांऐवजी माझंच नाव घालावं, उगाच मधे बाबांना कशाला त्रास. विरोधात एक मत पडलं, ते कोणाचं ते सगळ्यांना माहीत होतं. बाबांनी हात वर केला तो सगळ्यांच्या आधी. त्यानंतर सभेत मला कोणाकडे बघून बोलावं लागलं नाही.

आम्ही त्याच वर्षी दसऱ्याला राहायला गेलो होतो. आईला त्यानंतर दम्याचा मोठा झटका आला नाही. लहान यायचे, ते औषधावर भागायचे. सोसायटीचं एकही भांडण कधी कोर्टात गेलं नाही. स्वतःच्या मालकीच्या घरात राहणारं आमच्या दोन्ही घराण्यांतलं ते पहिलं कुटुंब, आणि दारावरच्या पाटीवर बाबांच्या नावाखाली माझं नाव होतं, पुढे बी.ए. लिहिलेलं.